साडेतीनशे ग्रॅम

परीक्षेच्या दिवशीही फोन बाहेरच्या ट्रेमध्येच ठेवायचे होते. कार्यशाळेच्या दाराशी एक निळा प्लास्टिकचा ट्रे, त्यात बाराजणांचे बारा फोन, दोन काडेपेट्या आणि एक लायटर. ठिणगी पडेल अशी कुठलीही वस्तू आत न्यायची नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा नियम. अकराच्या चहाला तो बाहेर आला, ट्रेमधून आपला फोन शोधला आणि सवयीने अंगठा फिरवला. लेकीचा निरोप होता. ‘बाबा, एसीचं मशीन परत थंड करत नाहीये. तुमची परीक्षा म्हणून तुम्हाला फोन नाही केला. काकांना बोलावलंय, निघालेत ते.’ निरोप येऊन पस्तीस मिनिटं झाली होती. पहिल्या वाचनात त्याला त्यात काहीच गैर दिसलं नाही, उलट पोरगी किती समंजस आहे असंच वाटून गेलं. दुसऱ्या वाचनात तो ‘काकांना’ या शब्दापाशी थांबला. हातातला चहाचा कप त्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, थेंबही सांडू न देता अगदी नीट ठेवला, आणि या नीटपणाचंच त्याला नंतर वाटेत नवल वाटत राहिलं.

काका म्हणजे त्याचा जोडीदार. रक्ताचं नातं काही नाही. एकतीस वर्षं एका गाळ्यात, दोन स्टुलांवर आणि हत्यारांच्या एका पेटीवर काढलेली. बाजारात दोघांना ‘गरम आणि थंड’ म्हणत. गरम हा, गिऱ्हाइकाने घासाघीस केली की याचा पारा चढायचा. दुसऱ्याला घर जळतंय म्हणून सांगितलं असतं तरी त्याने आधी चपला शोधल्या असत्या, म्हणून त्याचं नाव पडलं थंडोबा. खरं नाव आता त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, देव जाणे. या थंडोबाची गळती शोधायची एक जुनी रीत होती. बाकीचे साबणाचा फेस लावत, पैसेवाले शिट्टी मारणारी यंत्रं आणत; हा आपला उस्तादाने दिलेला पितळी दिवा घेऊन बसायचा. दिव्याची निळी ज्योत पाइपाच्या सांध्यासांध्यावरून मुंगीच्या चालीने न्यायची. जिथून गॅस झिरपत असेल तिथे ज्योत हिरवी होते. जुना गॅस पेटत नाही, नुसता ज्योतीला रंग देतो. रंग नीट दिसावा म्हणून थंडोबा पडदे ओढून घ्यायचा आणि ज्योत हलू नये म्हणून खिडक्या गच्च लावायचा. लेक लहान असताना गाळ्यात यायची तेव्हा त्याच्या मांडीला टेकून म्हणायची, काका, हिरवं करा ना. तो करायचा.

लेकीच्या मशीनमध्ये आता जुना गॅस नव्हता. नवा होता, साडेतीनशे ग्रॅम, याने स्वतःच्या हाताने भरलेला. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो पेटतो. थंडोबाच्या दिव्यात जळायला जो गॅस असतो त्याचाच तो सख्खा भाऊ. हे थंडोबाला माहीत नव्हतं आणि मशीनवर तसं कुठे लिहिलेलंही नव्हतं. त्याने लेकीला फोन लावला. वाजत राहिला. बाळ झोपलं की ती फोनचा आवाज बंद करून उशीखाली सारते, हे त्याला ठाऊक होतं; त्यानेच तिला तसं सांगितलं होतं. थंडोबाचा फोन कामाच्या वेळी स्कूटरच्या डिकीत असतो. जावई कारखान्यात, पाळीवर, तिथे फोन आत नेऊच देत नाहीत. म्हणजे इकडे ट्रे, तिकडे डिकी, पलीकडे उशी. सगळ्यांनी आपापल्या जागी शहाण्यासारखं वागून त्याची वाट बंद केली होती. त्याने पुन्हा लेकीला लावला, पुन्हा थंडोबाला, पुन्हा लेकीला.

मग तो आत गेला. दुभाषा हातात यादी घेऊन उभाच होता. प्रशिक्षण देणाऱ्या बाई दूरच्या देशातून आलेल्या. चार देशांनी मिळून हा नव्या गॅसचा प्रकल्प काढलेला, एकाने पैसा, एकाने यंत्रं, एकाने शिकवणारी माणसं, आणि आपल्याकडून ही बारा डोकी. ज्या देशात आठ महिने बर्फ, तिथली बाई आम्हाला थंड कसं करायचं ते शिकवणार होय, असं थंडोबा पहिल्या दिवशी म्हणाला होता, आणि दोघं पोट धरून हसले होते.

“मला जावं लागेल,” तो दुभाष्याला म्हणाला.

“आत्ता? आता तुमचाच नंबर आहे.”

घरी अडचण आहे, हे तीन शब्द जिभेवर तयार होते. त्यांनी काम भागलंही असतं. “मागच्या शनिवारी तो गॅसचा डबा संपला म्हणून मी सांगितलं ना,” तो म्हणाला, “तो संपला नव्हता. मी घरी नेला. लेकीच्या जुन्या मशीनमध्ये भरला. ते आता गळतंय, आणि तिथे माझा माणूस पेटता दिवा घेऊन गेलाय.”

दुभाषा त्याच्याकडे बघत राहिला. “हे सगळं सांगू?”

“सगळं सांगा.”

बाई रागावतील असं त्याला वाटलं होतं. किंबहुना त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, खोली केवढी, खिडकी आहे का, बाळ कुठे झोपतं. बाळ आहे हे त्यांना माहीत होतं, कारण त्याने बाळाचा फोटो सगळ्या वर्गाला दाखवला होता. मग त्यांनी कमरेचं गॅस हुंगणारं यंत्र काढून त्याच्या हातात दिलं आणि बोटं मोजत सांगितलं, दुभाषा मागोमाग सांगत गेला: बेल वाजवायची नाही, दार ठोकायचं. आत एकाही बटणाला हात लावायचा नाही. वीज तोडायची ती घराबाहेरच्या मुख्य बटणापाशी. खिडक्या उघडायच्या. गॅस छपरावर, उघड्यावर, हळूहळू सोडायचा. शेवटी त्या आणखी काहीतरी बोलल्या आणि दुभाषा थांबला. “त्या म्हणतात, आमच्याकडेही पहिल्या वर्षी असंच झालं होतं.” पुढे काय झालं ते त्याने विचारलं नाही. टॅक्सीत बसल्यावर मात्र तेवढं एकच वाक्य त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. असंच म्हणजे कसं? कोणाकडे? आणि मग ती माणसं?

टॅक्सी गार होती. ड्रायव्हर म्हणाला, काच वर घ्या, एसी लावलाय. त्याने काच आणखी खाली केली. बाहेर रस्ता तव्यासारखा तापलेला, इमारतींच्या भिंतींवर खिडकीखिडकीला पेट्या टांगलेल्या, प्रत्येक पेटी आतली उष्णता बाहेर फेकत असलेली. यातल्या कितीतरी पेट्या त्या दोघांनीच बसवल्या होत्या. एकतीस वर्षं जुना गॅस काढायचा म्हणजे वॉल्व्ह उघडायचा आणि फुस्स करून आभाळात सोडून द्यायचा. दोन मिनिटांचं काम, तेवढ्यात बिडी ओढून व्हायची. पहिल्याच तासाला बाईंनी त्या फुस्सचा हिशेब मांडला होता. त्यातला एक किलो म्हणजे मोटार कित्येक महिने पळवण्याएवढी हवा तापवायची. आभाळाला भिंती नाहीत, तुम्ही इथे सोडता ते आमच्याही डोक्यावर येतं, आणि आम्ही तर तुमच्या आधी चाळीस वर्षं सोडतच होतो, असं त्या म्हणाल्या होत्या. त्याला तेव्हा लाज वाटण्याऐवजी छाती फुगल्यासारखं झालं होतं. आपलं हे तेलकट काम एवढं मोठं आहे, चार देश त्यासाठी एका टेबलाशी बसतात, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, “साहेब, सगळा गारवा बाहेर चाललाय.” तो म्हणाला, “जाऊ दे. तू गाडी हाण.”

या प्रशिक्षणासाठी दोघांनी अर्ज केला होता. वयाची अट पंचावन्न; थंडोबा सत्तावन्न. पत्र आलं तेव्हा थंडोबाने ते लांब धरून वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, बरं झालं, गाळा कोण बघणार होतं? वर म्हणाला, रोज संध्याकाळी येऊन मला सांगत जा म्हणजे एका खर्चात दोघं शिकू. पहिल्या संध्याकाळी याने सांगितलं, वहीतली आकृतीसुद्धा दाखवली. दुसऱ्या संध्याकाळी गिऱ्हाईक होतं. तिसऱ्या संध्याकाळी थंडोबाने स्वतःहून विचारलं, आज काय झालं रे? आणि हा म्हणाला, किचकट आहे, उद्या सांगतो. किचकट काही नव्हतं. गॅस पेटतो, ज्योत लांब ठेवा, मशीनवर लेबल लावा, एवढंच होतं. सांगायला सिग्नल सुटण्याएवढाही वेळ लागला नसता. आता टॅक्सीत, सिग्नलपाशी अडकून, त्याला ते स्वच्छ दिसत होतं आणि त्याने मान वळवली तरी दिसायचं थांबत नव्हतं. एकतीस वर्षं थंडोबा त्याच्यापेक्षा दोन बोटं वर होता. मशीनला कान लावून बिघाड सांगायचा तो थंडोबा, गिऱ्हाईक ज्याचं नाव घेऊन यायचं तो थंडोबा. पहिल्यांदाच थंडोबाला ठाऊक नसलेलं काहीतरी याला ठाऊक होतं, आणि ते याला गोड लागलं होतं. तोंडात खडीसाखर धरून ठेवावी तसं त्याने ते धरून ठेवलं होतं. बास, बाकी काही नाही.

शनिवारी डबा उचलला तोही त्याच फुशारकीत. बाळाला दोन महिने झाले होते, मानेवर, काखेत घामोळं उठलेलं, लेक रात्रभर पदराने वारा घालणारी. मशीन जुनं, गॅस कमी झालेला. नवा गॅस निम्म्याहून कमी लागतो, वीज कमी खातो, थंड जास्त करतो, आभाळाला त्रास देत नाही. मग नातवाला पहिला मिळाला तर बिघडलं काय? डबा कार्यशाळेबाहेर न्यायचा नाही म्हणून त्याने सही केलेली होती, पण सह्या तर आपण किती ठिकाणी करतो. त्याने जुना गॅस काढला, नवा भरला, सांधा घाईत आवळला. लेबल लावलं नाही, कारण लेबल लावलं की थंडोबा कधीतरी वाचणार, आणि मग विचारणार, हे कुठून आणलंस. तासाभरात खोली अशी गार झाली की बाळ हात पसरून झोपलं. जावई म्हणाला, बाबा, मानलं तुम्हाला.

आणि सोमवारी बाईंनी पडद्यावर एक फोटो दाखवला. काळी पडलेली खोली, छताला लोंबणारा मशीनचा सांगाडा, आणि पलंगाचं नुसतं लोखंड. हा गॅस जुन्या मशीनमध्ये कधीही भरायचा नाही, बाई सांगत होत्या. जुन्या मशीनमधली बटणं ठिणगी टाकतात, ती या गॅससाठी बनवलेलीच नाहीत. दुभाष्याने ते शब्द दोनदा म्हटले. शेजारचा मेकॅनिक वहीत लिहून घेत होता. याने पेन नुसतं कागदावर टेकवून ठेवलं. खरं तर त्याच क्षणी उठायला हवं होतं. पण उठून सांगायचं काय? सगळ्यांदेखत? प्रकल्पाने आपल्यावर विश्वास टाकला, आणि पहिल्याच तुकडीतल्या माणसाने डबा पळवला, म्हणजे पुढच्या तुकडीचं काय? अशी मोठमोठी कारणं त्याने स्वतःला दिली. मंगळवारी तो लेकीकडे गेला तेव्हा पिशवीत नळी आणि पाना घेऊनच गेला होता. गुपचूप काढून टाकू असं ठरवून. जावई घरी होता. त्याने शेजाऱ्याला खास बोलावून आणलं होतं, सासऱ्यांनी मशीनचं काय करून दाखवलंय ते बघायला. शेजारी म्हणाला, वा, हिमालयच की. लेकीने बाळ त्याच्या मांडीवर दिलं. बाळाचं घामोळं गेलं होतं, मान कोरडी, मऊ होती. मशीन डोक्यावर गुरगुरत होतं आणि तो तिथे तासभर बसला, बाळाला घेऊन, त्या मशीनखाली, आणि पिशवी न उघडता परत आला. रविवारी निवांत करू, असं जिना उतरताना म्हणाला. बुधवारी झोपेत दचकून उठला आणि बायकोला म्हणाला, उकडतंय.

गल्लीच्या तोंडाशीच त्याने टॅक्सी सोडली. आधी वर बघितलं. चौथ्या मजल्याची खिडकी बंद होती, पडदा ओढलेला. धूर नव्हता. म्हणजे एकतर अजून काही झालेलं नव्हतं किंवा आता, याच क्षणी, व्हायचं होतं. थंडोबाची स्कूटर खाली उभी. तो जिना चढू लागला. पहिल्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता, दुसऱ्यावर एक बाई फरशी पुसत होती, तिने पाय जपून टाका म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर त्याच्या छातीचा भाता झाला होता आणि कान वरच्या दिशेने लागले होते, कुठलाही आवाज येईल म्हणून. स्फोट ऐकू येतो की ऐकू येण्याआधीच सगळं होऊन जातं, हे बाईंना विचारायचं राहिलं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. चौथ्या मजल्यावर त्याने मुख्य बटण खाली ओढलं. बेलकडे गेलेला हात मागे घेतला आणि दोन्ही मुठींनी दार ठोकलं.

लेकीने दार उघडलं. “बाबा? आणि परीक्षा?”

“बाळ कुठाय?”

“आत, झोपलंय. अहो, काय झालं? वीज पण गेली आत्ताच.”

तो तिला बाजूला सारून आत घुसला. झोपायच्या खोलीत अंधुक उजेड होता. पलंगावर बाळ. आणि मशीनखाली स्टुलावर थंडोबा बसला होता, हात मांडीवर टाकून, पायाशी पितळी दिवा. दिवा विझलेला होता. याच्या कमरेचं यंत्र दारातच टुकटुकायला लागलं, जसजसा तो मशीनजवळ गेला तसतसं ते भरभर वाजत एक लांब सूर झालं. त्याने पडदा ओरबाडून खिडकी उघडली. बाळाला उचलून लेकीच्या हातात दिलं आणि बाहेर जा म्हणाला, जिन्यात, लांब, आत्ताच्या आत्ता. मग तो वळला.

“दिवा लावला होतास?”

“लावणारच होतो,” थंडोबा म्हणाला. “आधी छपरावरच्या पेटीला दाबाचा काटा जोडला. आकडा पटेना. बंद मशीनचा दाब, आजच्या उन्हात, मला झोपेतही सांगता येतो. दोनदा जोडून बघितला, चष्मा पुसून बघितला. मग म्हटलं, आपलंच काहीतरी चुकतंय.” तो हसला. “बसून राहिलो. खरं सांगू का? मला वाटलं, संपलं आपलं. त्या लोकांनी मला घेतलं नाही ते बरोबरच केलं.”

हे ऐकताना त्याला वाटलं, खोली पेटली असती तर निदान हे ऐकावं लागलं नसतं. आणि असं वाटल्याबद्दल त्याला स्वतःची किळस आली. “तुझं काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “आकडा बरोबर आहे. गॅस वेगळा आहे. मी भरलाय. नवा.”

“पेटतो?”

“पेटतो. जुन्या मशीनमध्ये भरायचाच नसतो.”

थंडोबाने पायाशी बघितलं, मग रिकाम्या पलंगाकडे बघितलं. त्याच्या कपाळावरून घाम उतरत होता, तो त्याने पुसला नाही.

“जुन्यात चालत नाही हे तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

लेक दारातच उभी होती. लांब जा म्हटलं तरी गेली नव्हती. बाळ खांद्यावर, एक हात त्याच्या डोक्यावर. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. परीक्षेत सांगितलं आणि तसाच धावत आलो. शोभलंही असतं, घामाने निथळत, परीक्षा सोडून, चार जिने चढून आलेला बाप. लेकीच्या चेहऱ्यावर ते वाक्य ऐकायची तयारीसुद्धा होती, नव्हे, तेच ऐकू यावं म्हणून ती थांबली होती.

“सोमवारी,” तो म्हणाला.

लेकीच्या ओठांची किंचित हालचाल झाली. ती दिवस मोजत होती. मोजून झाल्यावर तिने बाळाच्या डोक्यावरचा हात घट्ट केला आणि वळून जिन्यात निघून गेली.

थंडोबा उठला. “काढायचा कसा ते सांग,” तो म्हणाला. “मी करतो.” दोघं छपरावर गेले. ऊन डोक्यावर होतं, पेटीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. त्याने सांगितलं, नळी इथे, तोंड वाऱ्याच्या दिशेला, वॉल्व्ह पाव फेरा, जास्त नाही. थंडोबाने एकदा ऐकलं आणि केलं. दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. अर्ध्या तासात साडेतीनशेपैकी जेवढे उरले होते तेवढे ग्रॅम वाऱ्यात निघून गेले. काही दिसलं नाही, कसला वास आला नाही. मग ते खाली आले, सगळ्या खिडक्या सताड उघडून वाऱ्याला वाट करून दिली, यंत्र खोलीच्या चारी कोपऱ्यांत फिरवलं. यंत्र गप्प राहिलं. थंडोबाने पेटी आवरली, दिवा फडक्यात गुंडाळला, आणि गाळ्यावर येतोस का असं न विचारता जिना उतरून गेला. रोज तो विचारायचा.

तो एकटाच त्या खोलीत थोडा वेळ उभा राहिला. मशीन बंद होतं, बाहेरची झळ खिडकीतून सरळ आत येत होती आणि बाळाचं दुपटं पलंगावर तसंच पडलं होतं. त्याने ते उचलून घडी केलं. मग जिन्यात गेला. लेक वरून दुसऱ्या पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून. जिन्यात वारा नव्हता, पत्र्याखालची ती जागा भट्टीसारखी तापली होती. बाळ जागं झालं होतं आणि कुरकुरत होतं, ती पदराच्या टोकाने त्याला वारा घालत होती. त्याच्या मानेवर घाम जमला होता.

“झालं सगळं,” तो म्हणाला. “यंत्राने बघितलं. आता काही भीती नाही. चल, आत ये.”

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. “तुम्ही जा, बाबा,” ती म्हणाली. “आम्ही इथेच बरे आहोत.”